न बोललेला करार

देवदत्त आणि शाल्मली वैरागडे यांच्या घरात ऑफिसचा विषय काढायचा नाही, हे लग्न ठरतानाच ठरलं होतं. शाल्मली 'पवनरेखा' या विमान कंपनीत भाडे विभागाची प्रमुख होती आणि देवदत्त 'शुभ्रा एअर'मध्ये तिकिटांची भाडी ठरवणारी यंत्रणा सांभाळत होता. दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात, एकमेकींपासून दहा मिनिटांवर. एकीनं जळगावला सकाळचं विमान सुरू केलं की पंधरा दिवसांत दुसरी त्याच्या आधी वीस मिनिटं आपलं विमान उडवायची. वीज आणि इंधन दोन्हींवर चालणारी पन्नास आसनी विमानं आल्यापासून कोल्हापूर, नांदेड, जळगाव, रत्नागिरी अशा गावांना रोज उड्डाणं होत होती, आणि त्या प्रवाशांसाठी ही चुरस होती. दोघांनीही आपापल्या कंपनीला लेखी हमी दिली होती की कामातली कुठलीही गोष्ट ते एकमेकांना सांगणार नाहीत. नऊ वर्षं ती त्यांनी पाळली.

शाल्मली नोकरीला लागली तेव्हा भाड्यांचे नियम माणसं करायची आणि संगणक ते पाळायचे. दिवाळीआधी इतकं वाढव, जागा रिकाम्या राहिल्या तर इतकं उतरव. २०३५ नंतर जी भाडेयंत्रं आली त्यांना नियम सांगावे लागत नसत. एकच सांगायचं: वर्षभराची कमाई जास्तीत जास्त कर. मग यंत्र स्वतःच करून बघायचं. आज नांदेडचं भाडं थोडं चढवायचं, उद्या थोडं पाडायचं, काय घडलं ते लक्षात ठेवायचं आणि पुढचा डाव त्यावरून खेळायचा. दर चार मिनिटांनी एक डाव. त्याला दोनच गोष्टी दिसत. आपल्या किती जागा विकल्या गेल्या ही एक, आणि समोरच्या कंपनीनं जाहीर केलेलं भाडं ही दुसरी. दुसरी तर घरबसल्या कोणालाही दिसते. पवनरेखानं आपलं यंत्र बंगळूरच्या एका संस्थेकडून घेतलं, शुभ्रानं हैदराबादच्या. दोन्ही संस्थांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

पहिलं वर्ष धुमश्चक्रीत गेलं. दोन्ही यंत्रं एकमेकांची भाडी इतकी पाडत होती की कोल्हापूरचं तिकीट खासगी बसच्या तिकिटाएवढं झालं होतं. मग हळूहळू सगळं शांत झालं. शुभ्रानं जळगावची दोन उड्डाणं कमी केली. पवनरेखानं कोल्हापूरची संध्याकाळची फेरी बंद केली. भाडी चढली आणि चढलेलीच राहिली. संचालक खापेकर साहेबांनी बैठकीत शाल्मलीचं कौतुक केलं. तिलाही बरं वाटलं, पण आपण नेमकं काय केलं म्हणून हे झालं, हे तिला सांगता आलं नसतं.

एका रविवारी देवदत्तच्या बहिणीचा, वंदनाचा, कोल्हापूरहून फोन आला. देवदत्तनं तो स्पीकरवर टाकला.

"दादा, आईच्या श्राद्धाला यायचं होतं, पण तिकीट बघितलंस का? तेवढ्या पैशांत मी दोनदा दुबईला जाऊन येईन. तुम्ही दोघं एवढे मोठे साहेब, एवढं भाडं लावतं तरी कोण?"

देवदत्त आणि शाल्मलीनं एकमेकांकडे पाहिलं.

"बरं, रेल्वेनं येते," वंदना म्हणाली. "वहिनी, उकडीचे मोदक आणू का?"

त्यानंतर पाचव्या महिन्यात, कंपन्या संगनमतानं भाव ठरवत नाहीत ना हे पाहणाऱ्या स्पर्धा नियामकाची नोटीस आली.

चौकशी अधिकारी नसरीन उस्मानी पन्नाशीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी शाल्मलीला सिव्हिल लाइन्समधल्या कार्यालयात बोलावलं, चहा मागवला आणि टेबलावर एक आलेख पसरला. त्यावर दोन रेषा होत्या, एक निळी, एक भगवी.

"निळी तुमची. बारा नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता पवनरेखानं कोल्हापूरचं भाडं एकदम पाडलं. चाळीस मिनिटांत शुभ्रानं जळगावचं पाडलं. कोल्हापूरचं नाही, जळगावचं. जिथे तुमची सगळ्यात जास्त कमाई आहे तिथे. दोन दिवस हे चाललं. मग तुम्ही कोल्हापूर पुन्हा वर नेलं, त्यांनी जळगाव वर नेलं. जसं काही झालंच नाही."

"हे यंत्रानं केलंय, मॅडम. मी त्या दिवशी कुठल्याच भाड्याला हात लावला नव्हता."

"असं तेवीस वेळा झालंय. 'तू माझ्या अंगणात आलास तर मी तुझ्या अंगणात येईन.' मी तीस वर्षं या कामात आहे. सिमेंटवाले, औषधवाले, ट्रकवाले, सगळे बघितले. इतकी नेमकी समजूत दोन पक्षांमध्ये बोलल्याशिवाय होत नाही." उस्मानींनी चष्मा काढला. "आणि तुम्ही दोघं एका घरात राहता."

दोषी ठरलं तर नोकरी जाणार होतीच, शिवाय तुरुंगवासाची तरतूदही नव्या कायद्यात होती.

"आम्ही घरी कामाचं बोलत नाही," ती म्हणाली. आपलंच वाक्य तिला पोकळ वाटलं.

देवदत्तचीही त्याच दिवशी दुपारी चौकशी झाली. दोन्ही कंपन्यांच्या वकिलांनी एकच सल्ला दिला: निकाल लागेपर्यंत वेगळे राहा, एकमेकांशी संपर्क ठेवू नका. संध्याकाळी देवदत्त बॅग भरत होता. शाल्मली दारात उभी होती. जे विचारायचं नाही असं दिवसभर ठरवलं होतं, तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"देवदत्त, गेल्या वर्षी मार्चमध्ये एका रविवारी माझा लॅपटॉप इथे उघडा राहिला होता. मी खाली पार्सल घ्यायला गेले होते. तू तेव्हा इथेच बसला होतास."

त्यानं घडी केलेला शर्ट तसाच हातात धरला. "मग?"

"काही नाही. विचारलं फक्त."

"तू विचारलंस हे बरं झालं," तो शांतपणे म्हणाला. "मी पण नोटीस आल्यापासून आठवत होतो, की बाल्कनीतून मी हैदराबादवाल्यांशी फोनवर बोलायचो तेव्हा तू आत कपडे वाळत घालत होतीस का."

त्यानं शर्ट बॅगेत ठेवला. मग तो म्हणाला, "मी बघितला नव्हता तुझा लॅपटॉप," आणि बॅगेची चेन लावली. तो धरमपेठेत एका मित्राकडे राहायला गेला.

पुढच्या आठवड्यात खापेकरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाहीये," ते म्हणाले. "पण तुमचा लॅपटॉप घरी उघडा राहिला असेल, मिस्टरांनी तो बघितला असेल, ही शक्यता तर आहे ना? तेवढी शक्यता लेखी द्या. मग हा एका माणसाचा आगाऊपणा ठरतो. कंपनी मोकळी, तुम्ही मोकळ्या."

"आणि देवदत्त?"

"शुभ्राचे वकील त्यालाही हेच सांगत असतील. आधी कोण देतं एवढाच प्रश्न आहे."

शाल्मलीनं एक दिवस मागून घेतला. घरी येऊन तिनं खरंच कागद पुढे घेतला. दोन ओळी लिहिल्यादेखील. तिला भीती जेवढी तुरुंगाची होती, त्याहून जास्त एका गोष्टीची होती: देवदत्तनं तो लॅपटॉप पाहिला नव्हता, हे तिला ठामपणे माहीत नव्हतं. नऊ वर्षांच्या संसारानंतर असं ठामपणे माहीत नसावं, याची तिला लाज वाटली. पण लाज वाटून ते माहीत होत नव्हतं.

माहीत करून घ्यायचा एकच मार्ग होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कागद तसाच टाकून ऑफिसला गेली आणि भाडेयंत्राच्या पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी उघडल्या. या नोंदी कोणी कधी वाचत नसे. यंत्र कमाई करतंय म्हटल्यावर ते कसं शिकलं हे कोण बघतं?

सकाळपासून दुपारपर्यंत ती वाचत राहिली आणि तिला एक गोष्ट दिसायला लागली. पहिल्या वर्षात यंत्रानं हजारो वेळा शुभ्राचं भाडं तोडलं होतं. दर वेळी शुभ्राच्या यंत्रानंही भाडं पाडलं होतं, कधी त्याच मार्गावर, कधी भलत्याच. जिथे भलत्याच मार्गावर, म्हणजे पवनरेखाच्या सगळ्यात कमाईच्या ठिकाणी, घाव बसला, तिथे पवनरेखाच्या यंत्राला तोटा जास्त झाला होता आणि त्यानं तो लक्षात ठेवला होता. हळूहळू ते कोल्हापूरला कमी वेळा हात लावायला लागलं. समोरचं यंत्रही तसंच शिकत असणार. समोरासमोर दुकान थाटलेले, एकमेकांशी कधीही न बोललेले दोन दुकानदार रोज फक्त दुसऱ्याच्या पाटीवरचा भाव बघतात. भाव पाडला की शेजारचाही पाडतो आणि दोघांचं नुकसान होतं, हे त्यांना कळायला बोलावं लागत नाही, फक्त पुरेशा वेळा मार खावा लागतो. माणसाला त्यात दहा वर्षं गेली असती. यंत्रं दिवसाला साडेतीनशे डाव खेळत होती.

मार्चमधला तो रविवार तिनं मुद्दाम शोधला. भाडी त्याच्या चार महिने आधीच शांत झाली होती.

शाल्मलीनं त्या नोंदींची एक प्रत काढली. मग वकिलांना न विचारता, खापेकरांना न सांगता ती सिव्हिल लाइन्सला गेली.

उस्मानींनी सगळं ऐकून घेतलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. "पण या नोंदी तुमच्याच कंपनीच्या आहेत. कोणी दुरुस्त केल्या नाहीत कशावरून? आणि यंत्र आपोआप शिकलं असं प्रत्येकच आरोपी उद्यापासून म्हणेल."

"म्हणून मी एक परीक्षा सुचवायला आले. दोन्ही यंत्रांच्या कोऱ्या प्रती थेट बनवणाऱ्यांकडून मागवा. त्यांना आमच्या बाजाराबद्दल काहीही माहीत नसेल. त्या तुमच्या खोलीत ठेवा. चार मार्ग द्या. जुन्या नोंदींवरून नकली प्रवासी तयार करता येतात, तुमचे तज्ज्ञ करतील. मग दोघांना फक्त एकमेकांची भाडी दाखवा आणि खेळू द्या. मी नाही, देवदत्त नाही, कोणीही माणूस मध्ये नाही."

"आणि त्यांनी अशी समजूत केली नाही तर?"

"तर तो पुरावा माझ्याविरुद्ध वापरा. तसं लिहून देते."

उस्मानींनी तिच्याकडे बघितलं. "शुभ्राच्या बाजूनंही संमती लागेल. त्यांच्या यंत्रणेचा जबाबदार अधिकारी म्हणून तुमच्या पतीची सही लागेल. आणि जे तुम्ही लिहून देताय तेच त्यांनाही लिहून द्यावं लागेल."

"त्यांना विचारायची मला परवानगी नाही."

"मी विचारते."

दोन दिवसांनी उस्मानींचा फोन आला. शुभ्राच्या वकिलांनी सही करायला विरोध केला होता. पण देवदत्तनं वकिलांना बाहेर थांबायला सांगून सही केली होती. "काही म्हणाले का?" शाल्मलीनं विचारलं. "कागद वाचला आणि पेन मागितलं," उस्मानी म्हणाल्या.

खापेकरांना शाल्मलीनं त्याच दिवशी सांगितलं की ती कुठलीही शक्यता लेखी देणार नाही. त्यांनी तिला रजेवर पाठवलं.

परीक्षा गुरुवारी सकाळी साडेनऊला सुरू झाली. लांबट खोली, भिंतीवर एक मोठा पडदा. एका टोकाला शाल्मली, दुसऱ्या टोकाला देवदत्त, मध्ये उस्मानी आणि त्यांचे दोन तज्ज्ञ. एकमेकांशी बोलायचं नाही अशी सक्त सूचना. तीन आठवड्यांत देवदत्त वाळला होता. दाढी नीट केलेली नव्हती. त्यानं एकदा तिच्याकडे बघून मान हलवली, बस.

पडद्यावर दर दहा सेकंदांना बाजारातला एक दिवस सरकत होता. पहिले काही शे दिवस दोन्ही रेषा नुसत्या वेड्यावाकड्या नाचत होत्या. मग दोन्ही तळाला गेल्या आणि तिथेच एकमेकींना ढकलत राहिल्या. शाल्मलीला हे अपेक्षित होतं. तिनं हिशोब केला होता की फक्त चार मार्ग असल्यानं मार खायचे प्रसंग कमी येतील आणि शिकायला वेळ लागेल, साधारण अकराशे दिवस.

अकराशे दिवस झाले. रेषा तळालाच होत्या. तेराशे झाले. एका तज्ज्ञानं डबा उघडला. शाल्मलीला कोणीतरी पोळीभाजी दिली, ती तिनं तशीच बाजूला ठेवली. पंधराशेव्या दिवशी निळी रेषा जरा वर आली आणि भगवीनं तिला लगेच खाली ओढलं. उस्मानी वहीत काहीतरी लिहीत होत्या.

आपण चुकलो असं शाल्मलीला वाटलं. आपण स्वतःच्या आणि त्याच्याही हातात बेड्या घालून ठेवल्या. तिनं खोलीच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. देवदत्त पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आणि तिच्या एकदम लक्षात आलं की आता निकाल काहीही लागो, तो लॅपटॉप त्यानं बघितला नव्हता हे तिला माहीत आहे. नोंदी वाचल्यापासून माहीत होतं, पण आत्ता, पडदा उलट सांगत असतानाही, ते हलत नव्हतं.

सोळाशे चाळीसाव्या दिवशी निळी रेषा पुन्हा वर आली. भगवी तिथेच थांबली. मग तीही थोडी वर आली. पुढच्या शंभर दिवसांत दोन्ही रेषा, कधी ही पुढे कधी ती, पायऱ्या चढाव्यात तशा चढत गेल्या. सतराशे साठाव्या दिवशी त्या वर जाऊन स्थिर झाल्या. निळीनं एक मार्ग जवळजवळ सोडून दिला, भगवीनं दुसरा.

"थांबा," उस्मानी म्हणाल्या. त्या उठून तज्ज्ञाच्या शेजारी गेल्या. "निळीचं भाडं मी हातानं पाडू शकते का? भगवीच्या मार्गावर."

तज्ज्ञानं आकडा भरला. चौथ्या डावात भगवी रेषा कोसळली, पण त्या मार्गावर नाही. निळीच्या सगळ्यात कमाईच्या मार्गावर. थोडा वेळ दोघी खाली राहिल्या, मग निळी आपणहून माघारी गेली आणि भगवीही वर आली.

उस्मानींनी बॅगेतून तो जुना आलेख काढला आणि पडद्याशेजारी धरला. मग त्यांनी हेच आणखी दोनदा करून बघितलं, मार्ग बदलून. दोन्ही वेळा तेच झालं.

त्या खुर्चीत बसल्या. "तीस वर्षं मी माणसांच्या भेटी शोधत आले," त्या म्हणाल्या. "कुठल्या हॉटेलात भेटले, कोणी फोन केला. इथे भेटच झालेली नाही." मग शाल्मलीकडे वळल्या. "तुमच्या दोघांवरचा आरोप मी मागे घेण्याची शिफारस करणार आहे. पण एक विचारू? गेलं दीड वर्ष भाडी अशी चढलेली तुम्हाला दिसत होती. नोंदी उघडून बघाव्याशा वाटल्या नाहीत?"

"वाटल्या नाहीत," शाल्मली म्हणाली. "वाटायला हव्या होत्या."

"हे उत्तर मी अहवालात लिहीन," उस्मानी म्हणाल्या, पण त्यांचा आवाज कडक नव्हता.

नियामकाचा आदेश यायला पुढे दोन महिने लागले. भाडेयंत्रांना समोरच्या कंपनीची भाडी तीन आठवडे जुनी झाल्यावरच दिसतील, असं त्यात ठरलं. कुठल्या आगळिकीबद्दल मार पडला हे कळायला तीन आठवडे लागले, तर कुठलंच यंत्र त्यातून काही शिकू शकत नाही. दोन्ही कंपन्यांनी कुरकुर केली, मग पुन्हा भांडायला सुरुवात केली. शुभ्रा जळगावला परत आली, पवनरेखा कोल्हापूरला. शाल्मलीला पवनरेखानं कामावर परत घेतलं, पण तिनं स्वतःच राजीनामा दिला आणि अशा यंत्रांच्या नोंदी तपासण्यासाठी नियामकानं जो नवा विभाग काढला त्यात रुजू झाली. वंदना पुढच्या श्राद्धाला विमानानं आली आणि विमानात नाश्ता मिळाला नाही म्हणून तक्रार करत राहिली.

पण त्या गुरुवारी दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. चार वाजता सह्या झाल्या आणि उस्मानी म्हणाल्या, "आता बोलू शकता तुम्ही." दोघं जिना उतरले आणि आवारातल्या कडुनिंबाखाली लावलेल्या शाल्मलीच्या गाडीत येऊन बसले. देवदत्तची बॅग मित्राकडेच राहिली होती. ती घ्यायला आधी धरमपेठेत जायला हवं होतं.

"मला एक सांगायचंय," शाल्मली म्हणाली. "खापेकरांनी मला तुझं नाव लिहून द्यायला सांगितलं होतं. मी दोन ओळी लिहिल्या होत्या."

देवदत्तनं सीट मागे सरकवली. "मला पण सांगितलं होतं."

"तू लिहिलंस?"

"नाही. पण रात्रभर नाही म्हणायला जमलं नाही. सकाळी नाही म्हणालो." मग त्यानं विचारलं, "तुझ्या दोन ओळींत काय होतं?"

"आपल्या घराचा पत्ता आणि माझं पूर्ण नाव. पुढे सरकेना."

तो हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. कित्येक आठवड्यांत तिनं तो आवाज ऐकला नव्हता.

"भूक लागलीय," तो म्हणाला. "बॅग घेऊ, मग कुठेतरी..." आणि वाक्य अर्धंच राहिलं. तिनं किल्ली फिरवता फिरवता बघितलं, तर त्याची मान खिडकीकडे कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. तीन आठवड्यांची झोप एकदम आली होती त्याला.

शाल्मलीनं काचा खाली केल्या. काचा खाली केल्या. कार्यालयातली माणसं डबे हलवत बाहेर पडत होती, कोणी स्कूटर सुरू करत होतं. उस्मानी मॅडम छत्री उघडून उन्हातून गेल्या, त्यांनी गाडीकडे बघितलं आणि न थांबता पुढे गेल्या. शाल्मलीनं सँडल काढून पाय मोकळे केले, सीटला डोकं टेकलं आणि तो उठेपर्यंत गाडी तशीच उभी ठेवली.